मेणाची कवळी

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता नऊ नंबरच्या खुर्चीत आजी बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडात मेणाची कवळी होती. साडेपाच वाजता खुर्चीत कुणी नव्हतं. आजी गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर कवळीही गेली होती.

ही बातमी घेऊन शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी तळघरातल्या लॅबमध्ये आली, तेव्हा कवळीकाका खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. एकतीस वर्षं या तळघरात बसून त्यांनी लोकांचे दात बनवले, म्हणून कवळीकाका. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. सोमवारपासून ही जुनी इमारत बंद होणार होती. रस्त्यापलीकडे आरोग्य विद्यापीठाची सात मजली नवी इमारत उभी राहिली होती. शहरभर अकरा नवे दवाखाने उघडायचे होते, सहा नवे अभ्यासक्रम सुरू व्हायचे होते आणि आज त्या सगळ्याचं उद्घाटन होतं. काकांच्या वाट्याला त्यातली बावीस खोकी आली होती.

"काका, आजी मेणासकट गेल्या," विद्यार्थिनी म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिच्या पांढऱ्या कोटावर 'स्वागत समिती' असा बिल्ला अजून तसाच होता.

"मेणासकट म्हणजे, तोंडात?"

"तोंडात."

काकांनी हातातली पट्टी दातांनी तोडली. "चहा पितील," ते म्हणाले.

ज्यांनी कवळी कधी घातली नाही त्यांना हे थोडं उलगडून सांगायला हवं. कवळी एका दमात होत नाही. आधी हिरड्यांचं माप, मग पुन्हा नीट माप, मग वरचा नि खालचा जबडा एकमेकांना कुठे भेटतात ते बघायचं. मग तयार दात गुलाबी मेणात एकेक करून बसवायचे आणि ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून पाहायची. नीट दिसली, नीट बोलता आलं, की मेण उकळत्या पाण्यानं काढून टाकायचं आणि त्या जागी टणक गुलाबी प्लास्टिक भरायचं. मेण आहे तोवर दात हलवता येतात. मेण गेलं की मग देवालाही हलवता येत नाहीत. म्हणून नियम असा, की मेणाची कवळी तोंडात असताना सरांनी स्वतः पाहायची आणि कागदावरच्या चौकटीत सही करायची. त्याआधी तोंडातून काढायची नाही. हा नियम मुलांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून इतका ठोकून बसवलेला असतो, की वरून छत पडलं तरी ती 'काढू नका' म्हणूनच पळतील.

"मी त्यांना म्हटलं, काढू नका, मी सरांना घेऊन येतेच," विद्यार्थिनी सांगत होती. "पलीकडे गेले तर सर मंडपात. पाहुण्यांच्या गाड्या आलेल्या. मी कोपऱ्यात उभी राहिले, तर मॅडम म्हणाल्या, कोट स्वच्छ आहे तुझा, इथे रांगेत ये. मग हातात तबक दिलं. मग दिवा लावणं, मग भाषण, मग दुसरं भाषण. सरांपर्यंत पोचलेच नाही काका. तीन तास." तिनं खिशातून फोन काढला. "फोन लावला आजींना. उचलत नाहीत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. दुपारी जेवलेली दिसत नव्हती. जेवली असती तरी तिचा चेहरा असाच दिसला असता. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांचे चेहरे गेले दोन महिने असेच होते. परीक्षेला बसायला प्रत्येकाला तीन पूर्ण कवळ्या लागत. तिच्या दोन झाल्या होत्या. आजींची तिसरी.

आणि आजींची ही तिसऱ्यांदा. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचे उरलेले सगळे दात काढले. पहिल्या विद्यार्थ्यानं मापं घेतली आणि तो पास होऊन निघून गेला. दुसरीनं मेणापर्यंत आणलं, तेवढ्यात तिची नेमणूक नव्या दवाखान्याच्या तयारीत झाली. तोवर हिरड्या बसल्या, मापं बदलली, पुन्हा पहिल्यापासून. आजी दर वेळी बसनं येत, खुर्चीत बसत, तोंड उघडत, आणि जाताना मुलांच्या पाठीवरून हात फिरवून जात.

"तू घरी जा. झोप," काका म्हणाले. "पत्ता दे, मी बघतो."

"मी येते ना."

"तू आलीस तर बसमध्ये पडशील, मग मला दोघींना आणावं लागेल."

ती हसली नाही, पण उठली.

काकांनी झाकणाचा डबा घेतला, त्यात ओला कापूस घातला, खिशात मेणाची छोटी सुरी आणि मेणाची एक पट्टी टाकली आणि निघाले. नव्या इमारतीसमोरून जाताना त्यांनी वर पाहिलं. वाईट बोलावं असं तिच्यात काही नव्हतं. उजेड भरपूर होता, खुर्च्या भरपूर होत्या. एकेका माणसाला चार चार तास ताटकळावं लागायचं ते आता लागणार नव्हतं, निदान तसं भाषणात सांगितलं होतं. काकांना नव्या अभ्यासक्रमात शिकवायला घेतलं होतं. चाळीस मुलं, वर्षाला. एकतीस वर्षांत त्यांनी हाताखाली दोघंच तयार केले होते. दोघांनीही पुढे दुसराच धंदा धरला.

आजींचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लांब व्हरांडा, एकसारखी दारं, प्रत्येक दाराबाहेर पायपुसणं. शेवटून तिसरं दार थोडं उघडं होतं आणि आतून आवाज येत होता.

काका दारातच थांबले. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, पण काय सांगावं, त्या आवाजाला पाठीचा कणा होता. ती वाचत होती. प्रत्येक ओळ उचलायची, थोडी वर न्यायची आणि शेवटच्या शब्दाला अलगद खाली ठेवायची. पुलावरचा पहारेकरी दिवसभर राबून दमला होता, कंदील हातात धरूनच त्याचा डोळा लागला, आणि पुराचं पाणी चढत होतं. आता पलीकडून येणाऱ्या माणसांना पूल कुठे तुटलाय ते कोण दाखवणार? वाचन तिथे थांबलं.

"मग?" पुरुषाचा आवाज आला.

"मग उद्या."

"उद्या कशाला? वाच की."

"अहो, मेण आहे. मऊ पडायला लागलंय."

काकांनी दार वाजवलं.

आत टेबलापाशी आजी बसल्या होत्या. समोर जाडजूड जुनी पोथी, बाजूला थंड पाण्याचा पेला. आरामखुर्चीत आजोबा. त्यांचे डोळे उघडे होते, पण कशावरच नव्हते, आणि डावा कान आजींकडे वळवलेला होता.

"कोण आलंय गं?"

"दवाखान्यातले. दात परत न्यायला."

"अकरा महिन्यांनी दिले आणि चार तासांत परत मागायला आले," आजोबा म्हणाले. "फार उदार दवाखाना."

"आजी, ते मेणाचे आहेत हो," काका म्हणाले.

"मला काय ठाऊक नाही? आणि तुमचेही केस पिकलेत की. आजी काय म्हणता?"

"बरं, ताई."

"ती पोर म्हणाली, काढू नका. मी नाही काढले. साडेचारला झाडणारी बाई आली. म्हणाली, सगळे पलीकडे समारंभाला गेलेत, मला दिवे घालवायचेत. मग काय करणार? काढू नका म्हटलेलं तसंच घेऊन घरी आले. मी सांगितलेलं मोडलं नाही." त्यांच्या डोळ्यांत थोडी लबाडी होती, ती त्यांनी लपवली नाही. "चहा नाही घेतला. थंड पाणी घेत घेत वाचलं. मधे फोन वाजला, पण ओळ अर्ध्यात होती."

मग सगळं कळलं. आजोबांची दृष्टी गेल्याला सोळा वर्षं झाली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी आजी त्यांना पोथी वाचून दाखवत. संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. अकरा महिन्यांपूर्वी दात गेले आणि वाचन अडलं. आजींनी प्रयत्न केला, पण शब्द ओठांतच विरघळत. आजोबा काही न बोलता ऐकत आणि मग 'दमलो, राहू दे' म्हणत. दमलेले नसत, हे आजींना कळे. तीन अध्याय राहिले होते. पोथीत खुणेची दोरी तशीच होती, आणि तिच्याखालचं पान पिवळं पडून बाजूच्यापेक्षा वेगळं दिसायला लागलं होतं.

"आणि ह्यांचा उजवा कान गेलाय," आजी म्हणाल्या. "डावाही जातोय. डॉक्टर म्हणतात, आणखी काही महिने. महिने किती, ते नाही सांगत."

"सांगितलं असेल," आजोबा म्हणाले. "मला ऐकू आलं नसेल."

आजी हसल्या नाहीत. ही गंमत त्यांनी आधी ऐकलेली असावी.

काकांनी कवळी हातात घेतली आणि खिडकीपाशी नेऊन पाहिली. डावीकडची मागची दाढ थोडी दबली होती. बाकी जागच्या जागी. देवानं राखलं म्हणायचं, नाहीतर चार तास तोंडाच्या उबेत राहिलेलं मेण असं सापडत नाही.

"अजून दोन अध्याय वाचलेत तर हे दात हातात येतील, ताई. मग पहिल्यापासून."

"आणि नाही वाचले तर?"

"सरांची सही झाली तर रविवारपर्यंत पक्की कवळी. नाही झाली, तर सोमवारपासून नव्या इमारतीत नवी नोंद. पुन्हा पाच खेपा. चार महिने धरा."

आजींनी आजोबांच्या डाव्या कानाकडे पाहिलं.

काकांनी दाढ अंगठ्यानं सरळ केली, कवळी थंड पाण्यात बुडवली आणि परत पुढे केली. "एक पान वाचा. मला ऐकायचंय."

"आता म्हणालात वाचू नका."

"एक पान चालेल. तिकडे आम्ही पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. पण मोजताना माणूस सांभाळून मोजतो. तुम्ही वाचता तेव्हा सांभाळत नाही."

आजींनी वाचलं. काका भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. "परत." आजींनी परत वाचलं. 'स' आला की त्याच्या मागून बारीक शिट्टी येत होती. खुर्चीत मोजताना ती कुणालाच ऐकू आली नसती, सरांनाही नाही. काकांनी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीवर सुरी तापवली, वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे मेणाचा पातळ थर दिला, थंड केला. पुन्हा वाचन. शिट्टी अर्धी झाली. अजून एक थर, कागदाएवढा. या वेळी 'स' आला आणि नुसता 'स' होऊन गेला.

"आता आली," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

"कोण?"

"तू."

काकांनी कवळी ओल्या कापसावर ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. आजींनी तोंडावर रुमाल धरला. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हाही तो काढला नाही.

शनिवारी सकाळी लॅबमध्ये फक्त एक टेबल उरलं होतं. बाकी सगळं खोक्यांत. काकांनी आजोबांच्या कानाचं सांगितल्यापासून विद्यार्थिनी सरांना फोन लावत होती. आठव्यांदा लागला. सर पाहुण्यांबरोबर नव्या दवाखान्यांच्या दौऱ्यावर होते, भाषणं करून त्यांचा आवाज बसला होता.

"सोमवारी नव्या सिस्टीममध्ये घे ना," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुझ्याच नावावर नोंदव. घाई काय आहे? मी गेले तीन दिवस घरी जेवलेलो नाही गं." मागे कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला. माणूस वाईट नव्हता. त्याला एका दिवसात अकरा ठिकाणी असायचं होतं, एवढंच.

टेबलावर कागद होता. सहीची चौकट रिकामी.

"काका, तुम्ही सहीशिवाय कधी भरली आहे?" तिनं विचारलं.

"एकदा."

"मग?"

"सव्वीस वर्षं झाली. सर रजेवर होते, तो माणूस घाई करत होता. मला वाटलं, मला कळतं. भरली. पुढच्या दातांची मधली रेघ केसभर डावीकडे गेली होती. तो माणूस अजून बाजारात दिसतो. हसताना तोंडावर हात धरतो." काकांनी मेणाचा कण नखानं टेबलावरून काढला. "तेव्हापासून सहीशिवाय नाही."

थांबण्यात तिचं काहीच जात नव्हतं. सोमवारी तिच्याच नावावर नोंद, चार महिन्यांनी तिसरी कवळी, परीक्षेला अगदी वेळेवर. तिचं सगळं नीट बसत होतं.

"काल आजींचं वाचन ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"कवळी कशी होती?"

"मी एकतीस वर्षं दात बसवतोय," ते म्हणाले. "ते कशासाठी असतात, ते काल कळलं. आता जाऊ दे. सही नाही ती नाही."

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. तळघराच्या खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसत. आज ते सगळे एकाच दिशेनं, नव्या इमारतीकडे, सामान वाहत चालले होते.

"काका, केस रद्द झाली तर सही लागते?"

"रद्दला कसली सही? मेण वितळवून डब्यात, दात भंगारात."

"भंगाराचं पुढे काय होतं, कुणी विचारतं?"

"एकतीस वर्षांत तरी नाही."

"मग भंगारातल्या दातांची पक्की कवळी केली तर सहीची चौकटच नाही," म्हणत तिनं कागद ओढला. काका म्हणाले, "थांब. ही तुझी तिसरी आहे. रद्द लिहिलंस की नवा पेशंट मिळेपर्यंत ही परीक्षा गेली, पुढची सहा महिन्यांनी. घरी काय सांगशील?"

"सांगेन की पेशंट मेण घेऊन पळाली. खोटं थोडंच आहे?"

"बाळ, मी तुला करायला सांगत नाहीये."

"ठाऊक आहे मला. तुम्ही सांगितलं असतं तर मी केलं नसतं." तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'चाचणी कवळी पेशंटनं परवानगीशिवाय घरी नेली. केस रद्द.' खाली स्वतःची सही केली, कारण रद्द करायला विद्यार्थ्याची पुरते. मग पेनाला टोपण लावलं.

काकांनी एक खोकं उघडलं आणि आदल्या दिवशी नीट बांधून ठेवलेली, कवळीचा साचा बसवायची पितळी डबी, प्लास्टरचं पातेलं आणि पाणी उकळायचं भांडं पुन्हा बाहेर काढलं.

"मधली रेघ तू बघ," ते म्हणाले. "मी सव्वीस वर्षांपूर्वी एकट्यानं बघितली होती."

तिनं पाहिली. साच्यावर केलेल्या नाकाच्या मध्याच्या खुणेशी जुळवून पाहिली, मग लांब जाऊन पाहिली, मग खाली वाकून. "बरोबर आहे."

"पुन्हा बघ."

तिनं पुन्हा पाहिली. मग मेण उकळत्या पाण्यात गेलं.

रविवारी दुपारी दोघं आजींकडे गेले. पक्की कवळी चकचकीत गुलाबी होती. आजींनी ती घातली, तोंड वाकडं केलं, डाव्या गालाकडे बोट दाखवलं. विद्यार्थिनीनं बरोबर आणलेल्या कानशीनं तो कोपरा घासला, पुन्हा घातली, पुन्हा घासला. तिच्या हाताला अजिबात घाई नव्हती. काका बघत होते. नव्या अभ्यासक्रमाच्या चाळीस मुलांत अशी एक निघाली तर, असं त्यांना वाटलं, आणि मग आपण सोमवारची गोष्ट आत्ताच करतोय म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकलं.

"आता टोचत नाही," आजी म्हणाल्या. "चहा ठेवू? आता मी पिऊ शकते ना?"

"आता काहीही प्या."

"आधी वाच," आजोबा म्हणाले. "अकरा महिने घरात शांतता होती, कंटाळलोय."

आजींनी पोथी उघडली, दोरी बाजूला केली. पूर चढतच होता. पहारेकरी झोपेतच होता. पण त्याच्या हातातला कंदील खाली पडला नव्हता, कारण कुणीतरी त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं होतं आणि त्यानं कंदील स्वतःच्या हातात घेतला होता. रात्रभर माणसं त्या उजेडात पूल ओलांडत गेली. कुणी पहारेकऱ्याला उठवलं नाही. कंदील धरणाऱ्यानं उठवू दिलं नाही. आजी वाचत होत्या, ओळ उचलत होत्या, अलगद ठेवत होत्या, आणि जिथे 'स' होता तिथे फक्त 'स' होता.

काकांनी बाजूला पाहिलं. विद्यार्थिनीचं डोकं भिंतीला टेकलं होतं. तोंड थोडं उघडं, हातात कानस तशीच.

आजोबांनी मान वळवली. "ती पोर झोपली वाटतं."

आजी थांबल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"श्वास ऐकू येतोय. एवढं अजून येतं."

"मग हळू वाचू?"

"नको," आजोबा म्हणाले. "मोठ्यानं वाच. मला ऐकू यायला हवं. ती काही उठत नाही."

काकांनी तिच्या हातातली कानस काढून घेतली आणि आपल्या खिशात ठेवली. आजींनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा अध्याय मोठ्यानं सुरू केला.